१०० मिमीचा चौकोन ९३.७५ का निघतो: सीएनसी ड्रॉइंगची पार्श्वभूमी

देवघराच्या जाळीसाठी मी एकदा इंकस्केप या ड्रॉइंगच्या सॉफ्टवेअरमधली जुनी एसव्हीजी (रेघांच्या चित्राची) फाईल सीएनसीला, म्हणजे कॉम्प्युटरवर चालणाऱ्या मशीनला, कटिंगला दिली होती, घरी आणून फ्रेममध्ये बसवायला गेलो तर जाळी चारही बाजूंनी आखूड. नशिबाने कोपऱ्यात खुणेसाठी १०० मिमीचा चौकोन काढलेला होता, त्याला व्हर्नियर, म्हणजे बारीक माप घ्यायचं साधन, लावलं तर ९३.७५. मशीन चुकलं नव्हतं, ऑपरेटरही चुकला नव्हता. मग हा आकडा आला कुठून ते शोधत बसलो आणि पार १९५० च्या आसपास जाऊन पोचलो.

कागदावरच्या ड्रॉइंगचा जुना नियम असा की रेघ मोजायची नाही, आकडा वाचायचा. कागद दमट हवेत फुगतो, ब्लूप्रिंट धुवून वाळवली की आक्रसते, म्हणून शीटवर 'डू नॉट स्केल' असं लिहिलेलंच असायचं. आणि ते वाचायला समोर माणूस होता. मिस्त्रीला वहीच्या पानावर कच्ची आकृती काढून तीन फूट दोन इंच चार सूत असं लिहून दिलं की आकृती वाकडी का असेना, कपाट बरोबरच यायचं. याला मोठा अपवाद जहाजबांधणीचा. तिथे मोठ्या माळ्याच्या लाकडी जमिनीवर जहाजाचे वक्र फुल साइझमध्ये आखायचे, लवचिक लाकडी पट्टी घ्यायची, तिला शिशाची वजनं लावून वळण द्यायचं आणि त्या रेघेवरूनच फर्मे कापायचे. त्या पट्टीला स्प्लाइन म्हणायचे, आपण आज सॉफ्टवेअरमध्ये जो शब्द वापरतो तो तिथूनच आलाय. माझ्या मते आपली कटिंगची फाईल ही कागदी ड्रॉइंगपेक्षा त्या जमिनीची वारस जास्त आहे, कारण इथे रेघ हेच माप असतं.

मधला दुवा आकड्यांचा. अमेरिकेत मिशिगनमधल्या ट्रॅव्हर्स सिटीला जॉन पार्सन्स सिकोर्स्की कंपनीच्या हेलिकॉप्टरची पाती बनवत होते, पात्याच्या आकाराचे फक्त १७ बिंदू मिळायचे आणि मधलं वळण फ्रेंच कर्व्ह, म्हणजे वळणदार पट्टी, लावून हाताने जुळवायचं. पार्सन्स आणि फ्रँक स्टुलेन यांनी पंचकार्डाच्या मशीनवर मधले खूप बिंदू मोजून काढले, मग एक माणूस तक्त्यातले आकडे मोठ्याने वाचायचा आणि दोघं जण मशीनचा एक्स आणि वाय फिरवायचे. त्या दोघांच्या हातांच्या जागी मोटर बसवायची, इतकीच मूळ कल्पना. १९४९ मध्ये हवाई दलाचं काम मिळालं, ते एमआयटी या अमेरिकेतल्या तंत्रज्ञान विद्यापीठात गेलं, १९५२ मध्ये पंच टेपवर चालणारं मिलिंग मशीन लोकांना दाखवलं. यात ड्रॉइंग कुठेच नाही बरं का, मशीनला फक्त आकडे. स्क्रीनवर रेघ काढायची गोष्ट १९६३ ची, एमआयटीतच इव्हान सदरलँडच्या स्केचपॅडची, आणि त्यात दोन रेघा समांतर ठेव किंवा सारख्या लांबीच्या ठेव असं सांगता यायचं.

वक्रांचं काम फ्रान्सच्या मोटार कारखान्यांत झालं. सिट्रोएनमध्ये पॉल द कास्तेल्जो आणि रेनोमध्ये पिएर बेझिए, दोघांनी वेगवेगळं काम केलं, सिट्रोएनने आपलं गुपित ठेवलं म्हणून नाव बेझिएचं पडलं. मला याचं खरंच वाईट वाटतं, कारण सॉफ्टवेअरमध्ये वक्राचे नोड, म्हणजे बिंदू, ओढताना आपण रोज ज्याचा हिशोब वापरतो त्या माणसाचं नाव कुणाला माहीत नसतं.

इथून पुढे दोन घराणी झाली आणि सगळा गोंधळ तिथलाच आहे. एक कॅडचं, म्हणजे मापाचं ड्रॉइंग करायच्या सॉफ्टवेअरचं, १९८२ चं ऑटोकॅड आणि त्याची डीएक्सएफ फाईल. दुसरं छपाईचं, १९८४ ची पोस्टस्क्रिप्ट ही प्रिंटरची भाषा, १९८७ चं इलस्ट्रेटर, १९८९ चं कोरलड्रॉ. छपाईवाल्यांचं एकक पॉइंट, इंचाला बरोबर ७२. पुढे २००१ मध्ये वेबसाठी एसव्हीजी आलं, इंकस्केप २००३ मध्ये सुरू झालं आणि त्याने इंचाला ९० पिक्सेल धरले, वेबपानाची मांडणी सांगणाऱ्या सीएसएसमध्ये मात्र ९६ ठरले होते, म्हणून २०१७ च्या ०.९२ आवृत्तीत इंकस्केपनेही ९६ केले. माझी जुनी फाईल ९० ची, वाचली गेली ९६ ने. आता ९० ला ९६ ने भागा, ०.९३७५ येतात, म्हणजे माझा चौकोन. ७२ च्या हिशोबाने लिहिलेले पिक्सेल ९६ ने वाचले तर १०० चे ७५ होतात. आणि जुन्या डीएक्सएफमध्ये नुसता आकडा असतो, तो मिमी की इंच हे लिहिलेलंच नसतं, त्यामुळे तिथे चुकलं की थेट २५.४ पट चुकतं. ते निदान लगेच दिसतं, सव्वासहा टक्क्यांची चूक दिसत नाही आणि अख्खा १८ मिमीचा प्लाय वाया जातो.

छपाईच्या घराण्याचा अजून एक वारसा म्हणजे रेघेची जाडी. इंकस्केप सुरुवातीला आकाराचं माप म्हणून व्हिज्युअल बाउंडिंग बॉक्स, म्हणजे दिसणाऱ्या चित्राभोवतीची चौकट, दाखवतं, त्यात जाडी धरलेली असते, म्हणजे १ मिमी जाड रेघेचा १०० चा चौकोन १०१ दाखवतो. छपाईसाठी ते बरोबरच आहे, कापायला नाही, सेटिंगमध्ये जाऊन जिओमेट्रिक करायचं. मशीनला जाडी दिसतच नाही, त्याला कळते ती मधली रेघ. आपण हौसेने डायमेन्शन लिहितो तेही त्याच्यासाठी नुसते बाण आणि अक्षरं, आकडा बदलला तर काहीच होत नाही आणि लेयर बंद करायचा विसरला तर मशीन तो आकडाही कोरून ठेवतं.

आपल्याकडे नेमप्लेट, रेडियम आणि जाळीवाल्यांनी कोरलच धरलं. मराठी नावाची प्लेट असेल तर 'कर्व्ह करून पाठवा', म्हणजे अक्षरांच्या रेघा करून पाठवा, असं आजही सांगतात, कारण जुने मराठी फॉन्ट दुसऱ्या कॉम्प्युटरवर नसले की अक्षरांची पार वाट लागायची. आणि पुणे जिल्ह्यात पाबळच्या विज्ञान आश्रमात २००२ पासून फॅब लॅब, म्हणजे अशा मशीनांची सगळ्यांसाठी खुली कार्यशाळा, आहे, एमआयटीबाहेरच्या अगदी पहिल्या लॅबपैकी एक, गावातल्या मुलांनी इतक्या लवकर तिथे हे काम हाताळलं याचा मला फार अभिमान वाटतो.

वक्रांचा हिशोब मात्र अजून पुरता जुळलेला नाही. बेझिए वक्राने वर्तुळ तंतोतंत येत नाही, चार तुकड्यांत काढलं तर चूक त्रिज्येच्या साधारण ०.०२७ टक्के, म्हणजे १०० मिमी त्रिज्येला ०.०२७ मिमी, लाकडात ती कुणाला दिसणार नाही. पण जी-कोडला, म्हणजे मशीन ज्या भाषेत हुकूम घेतं तिला, मुळात सरळ रेघ आणि वर्तुळाचा कंस एवढंच येतं, त्यामुळे बेझिएचे बारीक बारीक तुकडे पाडावे लागतात, आणि डीएक्सएफच्या आर१२ या जुन्या प्रकारात स्प्लाइनच नाही म्हणून तिथे जाताना गोल भोक बहुकोन होऊ शकतं. भोकं असतील तर ती कॅडमध्ये खऱ्या वर्तुळानेच काढावीत असं मी आता सगळ्यांना सांगतो.

त्या जाळीची फाईल मी ९६ ला ९० ने भागून, म्हणजे १०६.६७ टक्क्यांनी मोठी केली, ६ मिमीच्या बिटासाठी (कापणाऱ्या पात्यासाठी) बाहेरच्या कडेला रेघेच्या बाहेरून आणि भोकांना आतून ३ मिमी सोडून टूल पाथ, म्हणजे बिटाची वाट, घ्यायला सांगितला, आणि आधी टाकाऊ एमडीएफवर तो कोपऱ्यातला चौकोन एकटाच कापून घेतला. १००.१ आला. मग जाळी लावली.