भूलतज्ज्ञांचे आणीबाणी प्रशिक्षण
भूल दिलेल्या रुग्णाच्या जिवावर अचानक बेतले तर भूलतज्ज्ञाने कसा विचार करावा, मदतीची हाक कधी मारावी आणि भोवतालच्या माणसांकडून काम कसे करून घ्यावे, याचा कृत्रिम प्रसंग उभा करून केलेला सराव. औषधांचे ज्ञान येथे गृहीत धरलेले असते.

बॉस्टनमध्ये जेफ्री कूपर या अभियंत्याने भूलतज्ज्ञांच्या मुलाखती घेतल्या. १९७८ साली छापलेल्या निष्कर्षांनुसार टाळता येण्याजोग्या घटनांपैकी ८२ टक्क्यांत माणसाची चूक होती, उघड यंत्रबिघाड केवळ १४ टक्क्यांत. श्वासाची नळी निसटणे, एका सिरिंजऐवजी दुसरी टोचणे अशा या साध्याच चुका.

त्याच्या आदल्या वर्षी स्पेनच्या टेनेरिफ बेटावरील धावपट्टीवर दोन बोइंग ७४७ विमाने आदळून ५८३ माणसे मेली होती. फ्लाइट इंजिनिअरने शंका काढली, पण ज्येष्ठ कप्तानाने ती उडवून लावली. पुढे विमान कंपन्यांनी वैमानिकांसाठी सुरू केलेले सहकार्याचे धडे अमेरिकेतील स्टॅनफर्ड विद्यापीठाच्या डेव्हिड गाबा या भूलतज्ज्ञाने भूलशास्त्रात आणले आणि १९९०मध्ये सहकाऱ्यांसह पहिला अभ्यासक्रम घेतला.

सरावासाठी नाडी लागणारा, छाती वरखाली होणारा पुतळा असतो. शेजारच्या खोलीतून प्रशिक्षक त्याचा रक्तदाब पाडतो. ‘कुणीतरी ॲड्रेनलिन भरा’ म्हटले की कुणीच भरत नाही, म्हणून नाव घेऊन सांगायचे आणि ऐकणाऱ्याने ते परत म्हणून दाखवायचे. नंतर चित्रफीत पाहत चर्चा होते. खरे शिक्षण तिथेच होते, पुतळा केवळ निमित्त.

सर्वांत अवघड दोष म्हणजे एकाच उपायाला चिकटून बसणे. २००५मध्ये इंग्लंडमध्ये नाकाच्या साध्या शस्त्रक्रियेसाठी भूल दिलेल्या एका स्त्रीच्या श्वासमार्गात नळी बसेना. अनुभवी डॉक्टर पुन्हापुन्हा तोच प्रयत्न करत राहिले. एका परिचारिकेने गळ्याला छेद देण्याचा संच आणून तसे सांगितलेही, पण तो वापरला गेला नाही. ती स्त्री तेरा दिवसांनी दगावली. तिचे पती मार्टिन ब्रॉमिली वैमानिक होते. त्यांनी २००७मध्ये वैद्यकातील मानवी घटकांवर, म्हणजे माणसांच्या वागण्याबोलण्यातून होणाऱ्या चुकांवर, काम करणारा गट स्थापन केला.

त्यामुळे हे प्रशिक्षण एकट्या भूलतज्ज्ञाला देऊन भागत नाही. आपल्याकडच्या ऑपरेशन थिएटरात ‘सर, हे चुकतंय’ म्हणणे ज्युनिअरला किती जड जाते, हे तिथे उभे राहिलेल्यालाच ठाऊक. सरावात ते वाक्य सिस्टरकडूनही वदवून घेतात, आणि सरांना ते ऐकून घ्यायला लावतात.