रेशमी वस्त्रांची घरगुती निगा (गोवा)

साड्या, परकर-पोलकी, उपरणी, पितांबर आणि पूजेचे मुकटे अशी रेशमी वस्त्रे घरच्या घरी धुण्याची, सुकवण्याची व जपून ठेवण्याची रीत. गोव्याची ओळख ठरलेली कुणबी साडी सुती आहे. घरोघरच्या कपाटांतले रेशीम बहुतेक बाहेरचे. कोणाचे लग्नाच्या खरेदीत बेळगावहून आलेले, कोणाचे येवल्याचे वा कांचीपुरमचे. ही वस्त्रे बाहेर विणली जातात आणि इथे दमट हवेत नांदतात. त्यामुळे गोव्यात धुण्यापेक्षा सुकवण्याचीच काळजी जास्त घ्यावी लागते. वर्षाकाठी सुमारे ३,००० मिलिमीटर पाऊस पडतो, तो बहुतांशी जून ते सप्टेंबर या काळात. आणि ज्या सणाला घरातले सगळे रेशीम एकदम बाहेर निघते ती चवथ, म्हणजे गणेश चतुर्थी, नेमकी या ओल्या दिवसांत येते.

रेशमाचा धागा म्हणजे फायब्रॉइन नावाचे प्रथिन. कोशात त्यावर सेरिसिन या डिंकासारख्या प्रथिनाचा थर असतो, तो विणण्याआधी किंवा नंतर उकळून काढतात. प्रथिन असल्यामुळे रेशमाला सौम्य आम्ल चालते, क्षार सोसत नाही. धुण्याचा सोडा आणि कपड्यांची नेहमीची पावडर क्षारधर्मी असते, शिवाय अनेक पावडरींत रक्ताचे-दुधाचे डाग पचवणारी विकरे (एन्झाइम) असतात. ती डागाबरोबर धाग्यालाही लागतात. क्लोरीनचे ब्लीच तर रेशीम पार खाऊन टाकते. ओले झाल्यावर धाग्याची ताकद कमी होते, म्हणून चोळणे, आपटणे आणि पिळणे तिन्ही वर्ज्य.

मुळात रेशीम कमी वेळा धुवावे. फोंडा महालातल्या मंगेशी, म्हार्दोळ, कवळे यांसारख्या देवळांत आणि घरच्या देवघरातही सोवळ्याचे वस्त्र नुसत्या पाण्यातून काढून, कोणाचा हात लागणार नाही अशा उंच दांडीवर वाळत घालण्याची पद्धत आहे. नियम शुचितेचा, पण वस्त्राच्याही फायद्याचा: साबण नाही, घासणे नाही, सावली आहे आणि वाराही. साडीचे तसे नसते. ती एका संध्याकाळपुरती नेसली जाते, मग तिला घाम लागतो आणि ती तशीच घडी होऊन कपाटात जाते. सगळे नुकसान इथे सुरू होते. घामातले मीठ व घाम थोपवणाऱ्या प्रसाधनांतली ॲल्युमिनियमची संयुगे काखेचे कापड पिवळे आणि ठिसूळ करतात. ड्रायक्लीनिंगने तेलकटपणा जातो, पण पाण्यात विरघळणारा घाम त्या द्रावकात पुरता निघत नाही, हे लाँड्रीवाला सहसा सांगत नाही. पोलक्याला सुती अस्तर लावणे हा त्यावर जुना आणि चांगला इलाज. समारंभाहून आल्यावर साडी रात्रभर पंख्याखाली पसरून मगच घडी करावी.

धुण्याआधी आतल्या कोपऱ्यावर ओला पांढरा फडका दाबून रंग जातो का ते पाहतात. लाल आणि हिरवे काठ बहुधा दगा देतात; रंग उतरत असेल तर साडी घरी धुऊ नये. पहिल्या धुण्याला मिठाचे पाणी वापरल्याने रंग पक्का होतो ही समजूत सर्वत्र आहे, पण मीठ कच्चा रंग पक्का करत नाही आणि धाग्यात राहिले तर त्रासच देते. एका साडीला आठ-दहा रिठे पुरतात: बिया काढून रात्रभर भिजवायचे, उकळून गाळायचे आणि निवलेले पाणी बादलीभर थंड पाण्यात मिसळायचे. रिठ्यातील सॅपोनिन फेस देते आणि त्याचे पाणी किंचित आम्लधर्मी असते, म्हणून रेशमाला मानवते. मात्र पांढऱ्या, मोतिया रंगावर त्याची पिवळट झाक राहू शकते. तिथे लोकरीसाठी मिळणारा सौम्य द्रव साबण बरा. साडी तीन-चार मिनिटे पाण्यात हलकेच खालीवर करावी, दोनदा खळबळून शेवटच्या पाण्यात चमचाभर पांढरे व्हिनेगर घालावे. राहिलेला क्षार त्याने मारला जातो. माडीपासून केलेले गोव्याचे व्हिनेगर सोरपोतेल या डुकराच्या मांसाच्या पदार्थालाच ठेवावे, ते रंगाने गढूळ असते.

पाण्याचीही गोष्ट आहे. जांभ्या दगडातल्या विहिरींचे पाणी बहुधा मऊ, म्हणून धुण्याला उत्तम. पण ज्या विहिरीच्या बादलीला तांबूस गंज धरतो तिथले पाणी फिकट रेशमावर लोखंडाचे डाग पाडते. समुद्रकाठच्या काही विहिरी मे महिन्यात मचूळ होतात, ते पाणीही टाळावे.

डागांत केळीचा चीक सर्वांत वाईट. पानावरच्या जेवणात किंवा चवथीला केळीची पाने कापताना तो लागतो, सुरुवातीला दिसतही नाही आणि वाळला की तपकिरी होऊन कायमचा बसतो. हळदीच्या डागाला साबण लावला की तो लाल होतो. रेशमावर हळद रंगासारखीच चढते, तेव्हा घरचे उपाय थांबवून जाणत्या धुलाईवाल्याकडे जावे. सोलकढी सांडली तर लगेच गार पाण्याने टिपावी. समईच्या तेलावर टाल्कम पावडर किंवा मक्याचे पीठ रात्रभर ठेवून झटकावे.

धुतलेली साडी सुती पंचात गुंडाळून, दाबून पाणी टिपायचे आणि सावलीत पसरायची. जुन्या घरांतले राजांगण, म्हणजे मधला चौक, यासाठी फार सोयीचे: भोवतालच्या पडवीत वारा खेळतो, ऊन थेट पडत नाही. फ्लॅटमध्ये पंखा, आणि पावसाळ्यात ओलावा शोषणारे यंत्र असेल तर तेही. उन्हाने रेशीम पिवळे पडते. उलट दोन दिवस ओलसर राहिले तर बुरशीचे ठिपके उठतात आणि ते नंतर सहज जात नाहीत.

ठेवताना प्लास्टिकची पिशवी नको, दमटपणा आत कोंडतो. धुऊन मऊ झालेल्या सुती कापडात गुंडाळावे आणि दर दोन-तीन महिन्यांनी घडी बदलावी, नाहीतर कापड घडीवरच फाटते. बकुळीची वाळलेली फुले ठेवण्याची हौस असली तर ती वेगळ्या पुरचुंडीत. डांबरगोळ्याही कापडाला, विशेषतः जरीला, टेकवू नयेत. खऱ्या जरीत चांदीवर सोन्याचा मुलामा असतो; हवेतल्या गंधकाने आणि ओलाव्याने चांदी काळवंडते. हलक्या जरीत तांबे असते, ते समुद्राच्या खाऱ्या हवेत हिरवे होते. घासून दोन्ही सुधारत नाहीत. इस्त्री उलट्या बाजूने, मंद आचेवर, मध्ये सुती कापड ठेवून करावी. वरून पाण्याचे थेंब शिंपडले तर त्यांचे ठसे उमटतात.