बालसंगोपन योजना: पुणे जिल्ह्यातील एकल पालकांसाठी अर्ज प्रक्रिया, पात्रता आणि कागदपत्रे

आई-वडिलांपैकी एकाचे छत्र हरपले, घटस्फोट झाला किंवा घरातील कमावती व्यक्ती दुर्धर आजाराने अंथरुणाला खिळली, तर अशा कुटुंबातील मुलांच्या संगोपनासाठी महाराष्ट्र शासनाचा महिला व बाल विकास विभाग दरमहा अर्थसाहाय्य देतो. क्रांतिज्योती सावित्रीबाई फुले बालसंगोपन योजना असे या योजनेचे आजचे नाव आहे. एके काळी दरमहा ४२५ रुपये असलेले अनुदान पुढे ११०० रुपये झाले आणि २०२३ मध्ये ते २२५० रुपये करण्यात आले. ही रक्कम कुटुंबामागे नसून बालकामागे मिळते, हे सुरुवातीलाच लक्षात घ्यावे, कारण पुढची सारी प्रक्रिया त्यावरच उभी आहे: अर्ज आई भरत असली तरी निर्णय मुलाच्या परिस्थितीवर होतो.

विधवा किंवा परित्यक्ता महिलेला सहसा आधी तहसील कार्यालयातील संजय गांधी निराधार अनुदान योजनेची माहिती मिळते आणि अनेकदा तिथेच चौकशी थांबते. त्या योजनेला २१,००० रुपयांची वार्षिक उत्पन्नमर्यादा आहे. तिथे पूर्वी एक अपत्य असलेल्या विधवेला ११०० आणि दोन अपत्ये असलेल्या विधवेला १२०० रुपये, असा थोडासा फरक होता. २०२३ मध्ये अनुदान सरसकट १५०० रुपये झाले आणि तो फरक संपला. म्हणजे घरात मुले किती, याने निराधार योजनेच्या रकमेत आता काहीही बदलत नाही. मुलांसाठी वेगळे साहाय्य हवे असेल तर बालसंगोपन योजनेचाच अर्ज करावा लागतो.

योजनेचा लाभ वयाच्या अठरा वर्षांपर्यंत घेता येतो. आई-वडील दोघेही नसल्याने आजी-आजोबा, मामा किंवा काकांकडे वाढणारी मुले, एक पालक मृत झालेली मुले, घटस्फोटित, परित्यक्ता किंवा अविवाहित मातेची मुले, पालक तुरुंगात असलेली मुले आणि कर्करोग, एचआयव्ही, कुष्ठरोग यांसारख्या आजारांनी पालक ग्रासलेली मुले या योजनेत येतात. केवळ उत्पन्न कमी आहे एवढे कारण पुरेसे ठरत नाही. कुटुंबावर आलेले संकट आणि त्यामुळे मुलाच्या संगोपनात पडलेली उणीव कागदोपत्री दाखवावी लागते. मूल शक्यतो आपल्याच माणसांत वाढावे, त्याला संस्थेत ठेवण्याची वेळ येऊ नये, हा योजनेमागचा हेतू आहे आणि तो योग्यच आहे.

अर्ज कोठे करायचा, याबाबत पुण्यात इतर जिल्ह्यांपेक्षा अधिक गोंधळ होतो. राज्याचे महिला व बाल विकास आयुक्तालय पुण्यातच असल्याने बरेच जण थेट तिकडे जातात, तर काही जण जिल्हा परिषदेच्या महिला व बाल विकास विभागाकडे जातात, ज्याचे मुख्य काम अंगणवाड्यांशी संबंधित आहे. महापालिकेच्या समाज विकास विभागाच्या योजनाही वेगळ्या आहेत. बालसंगोपनाचा अर्ज जिल्हा महिला व बाल विकास अधिकारी यांच्या कार्यालयात किंवा त्यांच्या अखत्यारीतील जिल्हा बाल संरक्षण कक्षात द्यावा. योजना राबवण्यासाठी शासनाने मान्यता दिलेल्या स्वयंसेवी संस्थाही अर्ज स्वीकारतात आणि त्यांना प्रतिबालक ठरावीक अनुदान शासनाकडूनच मिळते. त्यामुळे अर्जासाठी कोणी पालकांकडून पैसे मागत असेल तर ते देऊ नयेत.

अर्जासोबत मुलाचे आणि पालकाचे आधार कार्ड, शिधापत्रिका, रहिवासाचा पुरावा, मुलाचा जन्मदाखला, शाळेचे बोनाफाईड प्रमाणपत्र, तहसीलदारांचा उत्पन्नाचा दाखला, बँकेच्या पासबुकाची छायाप्रत आणि पासपोर्ट आकाराची छायाचित्रे लागतात. याशिवाय पालक आणि मुले राहत्या घरासमोर उभी असलेले पोस्टकार्ड आकाराचे छायाचित्र मागितले जाते, ते आधीच काढून ठेवावे. आई, वडील आणि मूल यांच्या नावांचे लेखन सर्व कागदांवर सारखे आहे का, हेही आधीच तपासावे, कारण आधारवर माहेरचे आडनाव आणि शाळेच्या दाखल्यावर सासरचे, अशी तफावत असेल तर अर्ज तिथेच अडतो.

खरा भार मात्र संकटाच्या पुराव्यावर असतो. पालकाचा मृत्यू झाला असेल तर मृत्यूचा दाखला लागतो आणि तो मृत्यू जिथे झाला तिथल्या निबंधकाकडून मिळतो, राहत्या गावातून नव्हे. जुन्नर किंवा भोरच्या एखाद्या व्यक्तीचे ससून रुग्णालयात निधन झाले असेल, तर नोंद पुणे महापालिकेकडे असते. ग्रामपंचायतीत कितीही खेटे घातले तरी हा दाखला तिथे मिळणार नाही. घटस्फोट झाला असेल तर न्यायालयाच्या निकालाची प्रत, आजारपण असेल तर शासकीय रुग्णालयाचे वैद्यकीय प्रमाणपत्र आणि पालक तुरुंगात असेल तर कारागृहाचा दाखला जोडावा. सर्वांत अवघड परिस्थिती असते ती पती सोडून गेलेल्या महिलेची, कारण तिच्याकडे बहुधा कोणताच अधिकृत कागद नसतो. अशा वेळी पोलिसांकडे दिलेली तक्रार, न्यायालयात पोटगीचा दावा दाखल असल्यास त्याची कागदपत्रे आणि स्वतःचे प्रतिज्ञापत्र, यांपैकी जे उपलब्ध असेल ते जोडावे आणि उरलेली हकिकत अर्जात तारखांसह स्पष्ट लिहावी.

उत्पन्नाचा दाखला महा ई-सेवा केंद्रातून किंवा आपले सरकार संकेतस्थळावरून काढता येतो. आपले घर पुणे शहर तालुक्यात येते की हवेलीत, हे आधी पाहून घ्यावे, कारण महापालिकेच्या हद्दीत राहणाऱ्या प्रत्येकाचा तालुका पुणे शहरच असतो असे नाही. भाड्याने राहणाऱ्यांनी नोंदणीकृत भाडेकरार जवळ ठेवावा.

अर्ज दाखल झाल्यावर समाजसेवक किंवा बाल संरक्षण कक्षाचे कर्मचारी घरी येऊन पाहणी करतात. घरात कमावते कोण, मूल शाळेत नियमित जाते का, त्याची देखभाल प्रत्यक्षात कोण करते, अशी विचारपूस करून ते सामाजिक तपासणी अहवाल तयार करतात. घर नीटनेटके दाखवण्याच्या भरात अडचणी लपवू नयेत. कर्ज, थकलेले भाडे, सुटलेली शिकवणी यांची नोंद अहवालात होणे मुलाच्याच हिताचे आहे. त्यानंतर प्रकरण बाल कल्याण समितीसमोर जाते. बाल न्याय अधिनियम, २०१५ अन्वये स्थापन झालेल्या या समितीत अध्यक्ष आणि चार सदस्य असतात. दिलेल्या तारखेला मुलाला घेऊन, मूळ कागदपत्रांसह हजर राहावे. समिती मुलाशीही बोलते, तेव्हा त्याला उत्तरे पाठ करून नेण्याची गरज नाही.

समितीचा आदेश झाल्यावर रक्कम बँक खात्यात जमा होते. खात्याला आधार क्रमांक नुसता जोडलेला असून चालत नाही, थेट लाभ हस्तांतरणासाठी त्याचे सीडिंग, म्हणजे शासकीय रक्कम आधार क्रमांकावरून याच खात्यात यावी अशी बँकेने केलेली नोंद, झालेले असावे लागते. बँकेत विचारताना हाच शब्द वापरावा. हप्ते नियमित येतीलच असे गृहीत धरून घरखर्चाचे गणित मांडू नये. शाळेचे नवे बोनाफाईड दरवर्षी देऊन नूतनीकरण करावे आणि पत्ता किंवा शाळा बदलल्यास लगेच लेखी कळवावे.

जिल्हा बाल संरक्षण कक्षातच केंद्राच्या मिशन वात्सल्य या बालकांसाठीच्या योजनेअंतर्गत प्रायोजकत्व साहाय्याची, म्हणजे मुलाच्या संगोपनासाठी मिळणाऱ्या आर्थिक मदतीचीही चौकशी करावी. त्यात दरमहा ४००० रुपये मिळतात, मात्र कुटुंबाचे वार्षिक उत्पन्न ग्रामीण भागात ७२,००० आणि इतरत्र ९६,००० रुपयांपेक्षा अधिक असता कामा नये.

अर्ज नामंजूर झाल्यास तोंडी उत्तरावर समाधान न मानता आदेशाची प्रत मागून घ्यावी. बाल न्याय अधिनियमाच्या कलम १०१ नुसार समितीच्या आदेशाविरुद्ध ३० दिवसांच्या आत अपील करता येते. प्रतिपालन (मूल तात्पुरते दुसऱ्या कुटुंबाकडे सांभाळायला देणे) आणि प्रायोजकत्व यांविषयीच्या निर्णयांवरील अपील बाल न्यायालयाऐवजी जिल्हा दंडाधिकाऱ्यांकडे, म्हणजेच जिल्हाधिकाऱ्यांकडे दाखल करायचे असते.