वापरलेली कंपोझिट बेसबॉल बॅट: शिक्क्यांमागचा इतिहास

लिटल लीगमध्ये, म्हणजे अमेरिकेतल्या मुलांच्या बेसबॉल लीगमध्ये, खेळणाऱ्या मुलासाठी वापरलेली कंपोझिट (तंतू आणि रेझिनची) बॅट घ्यायची, तर आधी तिच्यावरचा शिक्का, म्हणजे ती कोणत्या मानकात बसते हे सांगणारी छापील खूण, वाचता आला पाहिजे. तडे, रंग, मूठ हे सगळे त्यानंतर. बॅट धडधाकट असली आणि शिक्का चुकीचा असला, तर ती फक्त सरावाला उपयोगी. सामन्यात ती घेऊन मूल बॅटर्स बॉक्समध्ये, म्हणजे फलंदाजाच्या चौकटीत, उभे राहिले की नियमाप्रमाणे पंच त्याला बाद देऊ शकतो. हे शिक्के इतके का झाले आणि जुन्या बॅटच्या बाबतीत ते इतके कडक का, याचे कारण कंपोझिटच्या एका गुणधर्मात आहे. बहुतेक वस्तू वापरून उतरतात. कंपोझिट बॅट वापरून आधी चढते, म्हणजे चेंडू अधिक जोरात मारू लागते, आणि मग तुटते. गेल्या दीड दशकातले बहुतेक नियम या चढण्याला आवर घालण्यासाठी झाले आहेत.

क्रिकेटवर वाढलेल्या आईवडिलांना हा गोंधळ नवा वाटतो, कारण क्रिकेटने तो वेळीच मिटवला. डिसेंबर १९७९ मध्ये पर्थच्या कसोटीत डेनिस लिली ॲल्युमिनियमची बॅट घेऊन उतरला आणि त्यानंतर बॅटचे पाते लाकडाचेच हवे, असे नियमातच लिहिले गेले. बेसबॉलमध्ये व्यावसायिक खेळाडू आजही लाकडानेच खेळतात. शाळा, कॉलेज आणि मुलांच्या लीग मात्र धातूकडे वळल्या. कारण पैशाचे होते. लाकडी बॅट हंगामात कितीदा मोडेल याचा नेम नसे. लिटल लीगने १९७१ मध्ये ॲल्युमिनियमला परवानगी दिली, कॉलेज बेसबॉल चालवणाऱ्या एनसीएएने १९७४ मध्ये.

सुरुवातीला एवढीच अपेक्षा होती की बॅट टिकावी. पण पोकळ नळी टिकाऊ असते तशी लवचीकही असते. लाकडी बॅटवर आदळलेला चेंडू स्वतःच चेपला जातो आणि त्या चेपण्यात त्याची बरीच ऊर्जा वाया जाते. पातळ भिंतीच्या बॅरलवर, म्हणजे बॅटच्या जाड, चेंडू मारायच्या भागावर, चेंडू कमी चेपतो. भिंत आत दबते, लगेच पूर्ववत होते आणि तिच्यात साठलेली ऊर्जा चेंडूला परत मिळते. याला ट्रॅम्पोलीन इफेक्ट म्हणतात. भिंत जितकी सहज दबेल तितका चेंडू वेगाने सुटतो. कंपन्यांना हे कळल्यावर मिश्रधातू अधिक मजबूत आणि भिंती अधिक पातळ होत गेल्या. १९९३ मध्ये डीमारिनी या कंपनीने दुहेरी भिंतीची बॅट आणली. १९९८ मध्ये कॉलेज वर्ल्ड सिरीजच्या अंतिम सामन्यात सदर्न कॅलिफोर्निया विद्यापीठाने ॲरिझोना स्टेटला २१–१४ असे हरवले. बेसबॉलमध्ये एका सामन्यात पस्तीस धावा हा आकडा सगळ्यांच्या डोळ्यांवर आला. त्यानंतर एनसीएएने चेंडूच्या वेगावर मर्यादा घातली, बॅरलचा व्यास २ ५/८ इंचांपर्यंत आणला आणि बॅटचे औंसातले वजन तिच्या इंचातल्या लांबीपेक्षा तीनहून अधिक कमी असू नये, असे ठरवले. या फरकाला ‘ड्रॉप’ म्हणतात. ३० इंच लांब आणि २० औंस वजनाची बॅट ‘ड्रॉप १०’.

मुलांच्या बॅटसाठी तेव्हा वेगळे माप होते: बीपीएफ, म्हणजे बॅट परफॉर्मन्स फॅक्टर. चेंडू कठीण, न हलणाऱ्या पृष्ठभागावरून जितका उसळतो त्याच्याशी बॅटवरच्या उसळीची तुलना करायची, आणि कमाल मर्यादा १.१५. ही चाचणी नव्या कोऱ्या बॅटवर होत असे. ॲल्युमिनियमसाठी त्यात फार बिघडत नव्हते. धातूची बॅट पोचे पडून, चिरून संपते. तोवर तिची भिंत साधारण तशीच राहते.

कंपोझिटने हे गृहीतक मोडले. बॅरल कार्बन आणि काचेच्या तंतूंच्या थरांचे असते आणि हे थर इपॉक्सी रेझिनने एकमेकांना धरून ठेवलेले असतात. तंतू कोणत्या दिशेने विणायचे हे कारखान्याच्या हातात असल्याने बॅरलचा घेर किती लवचीक आणि लांबी किती ताठ हे वेगवेगळे ठरवता येते. वजनही हवे तिथे ठेवता येते. म्हणून मुलांना या बॅट फिरवायला हलक्या वाटतात, आणि चेंडू चुकीच्या जागी लागला तरी हाताला झिणझिण्या कमी येतात. पण प्रत्येक फटक्याबरोबर रेझिनमध्ये डोळ्यांना न दिसणारे बारीक तडे जातात आणि थर एकमेकांपासून किंचित सुटू लागतात. घेराचा ताठरपणा कमी होतो. चेंडू अधिक वेगाने सुटतो. उत्पादक स्वतःच सांगतात की नव्या बॅटने दरवेळी थोडी फिरवून दीडशे-दोनशे चेंडू मारावेत, म्हणजे ती ‘उघडते’. क्रिकेटची नवी बॅट ठोकून तयार करतात त्यासारखे हे वाटते, पण काम उलटे आहे. विलोचे पाते ठोकून वरचा थर घट्ट होतो. इथे बॅट आतून सैल होते.

नवी असताना १.१५च्या आत असलेली बॅट हंगामाच्या मध्यावर मर्यादा ओलांडू शकते, हे मग चाचण्यांतून दिसले. २००९ मध्ये एनसीएएने कंपोझिट बॅरलवर स्थगिती आणली. पुढे त्या बॅटसाठी कृत्रिम झिजवण्याची चाचणी आली: बॅट दोन रोलरमध्ये दाबून फिरवायची, पुन्हा मोजायची, पुन्हा दाबायची, आणि मर्यादा ओलांडते की त्याआधी तुटते ते पाहायचे. १ जानेवारी २०११ पासून कॉलेजमध्ये आणि १ जानेवारी २०१२ पासून हायस्कूलमध्ये बीबीसीओआर (बॅटवरून चेंडू किती उसळतो याचे माप) हे नवे माप लागू झाले. त्याची मर्यादा ०.५०, लाकडाच्या जवळची.

लिटल लीगने युनिव्हर्सिटी ऑफ मॅसॅच्युसेट्स लोवेलमध्ये संशोधन करवून घेतले आणि डिसेंबर २०१० च्या अखेरीस लहान गटांतही कंपोझिट बॅरल थांबवले. ज्या मॉडेलनी झिजवण्याची चाचणी पार केली, त्यांना पुढे एकेक करून सूट मिळाली. या निर्णयामागे केवळ धावांचा हिशेब नव्हता. पिचर, म्हणजे चेंडू फेकणारा, होम प्लेटपासून (फलंदाज उभा असतो तिथून) लिटल लीगच्या मेजर गटात ४६ फुटांवर असतो आणि चेंडू सोडून झाल्यावर तो आणखी पुढे आलेला असतो. सरळ अंगावर येणाऱ्या चेंडूपासून वाचायला त्याच्याकडे सेकंदाचा अंशच उरतो. धातूच्या बॅटने मारलेल्या चेंडूने मुले गंभीर जखमी झाल्याच्या घटनांवरून न्यायालयात दावे गेले. २००७ मध्ये न्यूयॉर्क शहराच्या कौन्सिलने महापौरांचा नकाराधिकार डावलून हायस्कूलमध्ये धातूच्या बॅटवर बंदी घातली. शिक्क्याबाबत पंच हट्टी वाटले, तर हा इतिहास आठवावा.

आजचे चित्र १ जानेवारी २०१८ पासूनचे आहे. त्या दिवशी यूएसए बेसबॉल या राष्ट्रीय संस्थेचे ‘यूएसएबॅट’ मानक लिटल लीग, पोनी, बेब रूथ, कॅल रिपकन, डिक्सी अशा लीगमध्ये लागू झाले. नव्या बॅट १ सप्टेंबर २०१७ पासून दुकानांत आल्या होत्या. लाकडासारखी कामगिरी हे ध्येय कायम राहिले, पण बॅरलचा व्यास मेजर आणि त्याखालच्या गटांत सव्वादोन इंचांवरून २ ५/८ इंचांपर्यंत वाढवायला परवानगी मिळाली. २०१७ पर्यंतच्या, फक्त १.१५ चा शिक्का असलेल्या बॅट त्या लीगमध्ये एका रात्रीत निकामी झाल्या. त्यातल्या पुष्कळ आजही गॅरेजमधून निघतात आणि ‘जेमतेम वापरलेली’ म्हणून विकायला येतात. सव्वादोन इंच बॅरल, बीपीएफ १.१५ आणि यूएसए बेसबॉलचे चिन्ह नाही, असे दिसले की बॅट जुन्या काळातली समजावी. किंमत कितीही कमी असली तरी लिटल लीगसाठी ती घेऊ नये.

याहून महाग पडणारी चूक यूएसए आणि यूएसएसएसए यांच्यात होते. यूएसएसएसए ही वेगळी संस्था आहे. तिच्या स्पर्धांत, म्हणजे बहुतेक ट्रॅव्हल बॉलमध्ये (गावोगावी जाऊन खेळणाऱ्या निवडक संघांच्या बेसबॉलमध्ये), बीपीएफ १.१५ हेच माप चालू आहे. या बॅटचे बॅरल पावणेतीन इंचांपर्यंत जाडे असू शकते, त्या अधिक जोरकस असतात, आणि बॅरल निमुळते होते तिथे अंगठ्याच्या ठशाएवढा शिक्का असतो. एकच कंपनी एकाच नावाची बॅट दोन्ही मानकांत, अनेकदा सारख्या रंगसंगतीत विकते. जाहिरातीत विक्रेता नुसते मॉडेलचे नाव लिहितो आणि फोटो नेमका दुसऱ्या बाजूचा असतो. म्हणून निमुळत्या भागाचा चारी बाजूंनी फोटो मागावा. त्यात टाळाटाळ झाली तर पुढे बोलू नये. मुलगा दोन्हीकडे खेळत असेल, तर यूएसएबॅट घेतलेली बरी, असे आमचे मत आहे. यूएसएसएसएची बॅट लिटल लीगमध्ये कधीच चालत नाही. सॉफ्टबॉलच्या बॅटवरही यूएसए सॉफ्टबॉलचे चिन्ह असते. ती वेगळी संस्था आहे आणि तिचा इथे संबंध नाही.

शिक्का बरोबर असला तरी एक पायरी उरते. २०१८ च्या वसंतात ईस्टनची घोस्ट एक्स खूप गाजली. मे महिन्यात तिच्या ३० इंच, २० औंस या मापाची मान्यता यूएसए बेसबॉलने काढून घेतली. बॅटवर शिक्का होता, पण पुढच्या चाचणीत ती मानकाबाहेर गेली. त्या मापाच्या बॅट जगातून नाहीशा झालेल्या नाहीत आणि त्यांच्यावरचा शिक्का पुसला गेलेला नाही. घोस्ट एक्स २०१८, ३०/२० अशी जाहिरात दिसली तर सोडून द्यावी. इतर कोणत्याही बॅटसाठी मॉडेल, वर्ष आणि माप घेऊन यूएसए बेसबॉलच्या संकेतस्थळावरची मान्यता काढलेल्या बॅटची यादी पाहावी. माप पाहायला विसरू नये, कारण मान्यता मापागणिक जाऊ शकते.

आता बॅट हातात घेतल्यावर. ती उन्हात तिरपी धरून बॅरलवरून नख हळू फिरवा. रंगावरचे चेंडूचे काळे-लाल डाग आणि बारीक ओरखडे चालतात. नख अडकेल असा तडा, विशेषतः कोळ्याच्या जाळ्यासारखा पसरलेला किंवा घेराभोवती गेलेला, चालत नाही. मग मुठीच्या टोकाच्या गोळ्याजवळ (नॉबजवळ) सैल धरून बॅरलवर दुसऱ्या हाताच्या बोटांच्या पेरांनी ठोका. घेर थोडा थोडा फिरवत ठोकत जा. आवाज सगळीकडे सारखा हवा. एखाद्या जागी बद्द किंवा फाटका वाजला तर तिथे थर सुटले आहेत. अंगठ्याने जोर लावल्यावर करकर ऐकू आली तरी तेच. बॅट कानाशी हलवा. आत खडखड असेल तर गोंदाचा किंवा फेसाचा तुकडा सुटलेला असू शकतो. तेवढ्याने बॅट बाद होत नाही, पण एंड कॅप, म्हणजे बॅरलच्या टोकाचे झाकण, सैल आहे का ते त्याच वेळी तपासावे. दोन तुकड्यांच्या बॅटमध्ये एका हाताने हँडल, दुसऱ्याने बॅरल धरून पिळून पाहा. सांध्यात हालचाल जाणवली तर नको. ग्रिप नवी गुंडाळलेली असेल, तर ती उघडून हँडल पाहू द्या असे विक्रेत्याला स्पष्ट सांगा. नवी ग्रिप थोडक्या पैशांत बसते आणि तिच्याखाली तडा सहज झाकला जातो.

चेंडू अधिक वेगाने सुटावा म्हणून मुद्दाम छेडलेल्या, म्हणजे रोलरमध्ये दाबून सैल केलेल्या किंवा आतून खरवडलेल्या, बॅट ओळखणे अवघड आहे, पण अशक्य नाही. रोलरमधून काढलेल्या बॅरलवर कधी कधी लांबीच्या दिशेने सरळ, समांतर, एकसारख्या खुणा दिसतात. चेंडूचे डाग असे ओळीत येत नाहीत. आतून भिंत खरवडायची तर एंड कॅप काढावी लागते. म्हणून तिच्या कडेला नवा गोंद, उचकटल्याच्या खुणा किंवा न जुळणारी फट शोधावी. घरातल्या काट्यावर वजन करा. २० औंस म्हणजे ५६७ ग्रॅम. प्रत्यक्ष वजन छापील आकड्यापेक्षा थोडे अधिक भरणे नेहमीचे आहे. स्पष्टपणे कमी भरले तर आतून काहीतरी गेले आहे. ‘रोल केलेली, तयार, हॉट’ असे विक्रेत्यानेच अभिमानाने लिहिले असेल तर तपासायचीही गरज नाही. ती बॅट समोर उभ्या असलेल्या दुसऱ्याच्या मुलासाठी धोका आहे.

किमतीचा विचार बॅटच्या उरलेल्या आयुष्यावरून करावा. वरच्या दर्जाची नवी कंपोझिट बॅट तीनशे डॉलरच्या पुढे जाते. पण त्या किमतीत साधारण एक वर्षाची वॉरंटी असते आणि ती बहुधा मूळ खरेदीदारालाच, पावतीसह मिळते. हस्तांतरित होत नसेल तर तुमच्या हाती वॉरंटी नसलेली बॅट येते, आणि तिचे किती फटके उरलेत हे बाहेरून सांगता येत नाही. दोन हंगाम खेळलेली बॅट निम्म्या किमतीलाही महाग आहे. एकाच मुलाने एक हंगाम वापरलेली, पावती आणि अनुक्रमांक जुळणारी असेल तर विचार करावा. अनुक्रमांक खरवडलेला असला किंवा नवी बॅट अविश्वसनीय स्वस्त मिळत असली, तर बनावट मालाची शक्यता धरावी.

विक्रेत्याला दोन प्रश्न विचारायला हवेत. चेंडू फेकणाऱ्या मशीनच्या, खळगे असलेल्या कडक चेंडूंवर बॅट वापरली का? आणि थंडीत वापरली का? बॅटिंग केजमधले (सरावाच्या जाळीतले) ते चेंडू कंपोझिटवर घाव घालतात. पंधरा अंश सेल्सियसच्या खाली रेझिन ठिसूळ होते आणि मार्चमधल्या सरावात एका फटक्यात बॅरल चिरू शकते. न्यूजर्सी किंवा शिकागो अशा थंड भागांकडच्या बॅटच्या बाबतीत दुसरा प्रश्न अधिक महत्त्वाचा.

आठ-नऊ वर्षांच्या मुलासाठी एकसंध ॲल्युमिनियमची, यूएसए बेसबॉलचे चिन्ह असलेली बॅट जुनी घेणे जास्त सोपे आहे. तिला तयार करावे लागत नाही, थंडीचे भय नाही, आणि ती बिघडली की पोचा किंवा चीर उघड दिसते. २ ५/८ इंचांच्या मापाच्या रिंगमधून बॅरल अडखळल्याशिवाय पार गेले, सपाट झालेली जागा नसली आणि ठोकल्यावर आवाज स्वच्छ आला, की तिची तपासणी झाली.