भट्टीची वाया जाणारी उष्णता आणि वीज: नेमकं अडतंय कुठं?

कोल्हापूरजवळच्या शिरोली एमआयडीसीतल्या फाउंड्रीत मेटल ओतायच्या आधी एकजण लांब दांडी भट्टीत बुडवतो, चार-पाच सेकंदात मीटरवर 1400 च्या आसपास आकडा येतो आणि मगच लॅडल (वितळलेला धातू ओतायचं भांडं) हलतो. दांडीच्या टोकाला जी टिप असते तिच्यात प्लॅटिनमची एक तार आणि प्लॅटिनम-ऱ्होडियमची दुसरी, दोन्हींचा जोड तापला की आपोआप व्होल्टेज तयार होतं, मीटर तेच मोजतो. म्हणजे उष्णतेपासून वीज आपल्याकडं रोजच होतेय की! फक्त किती, तर 1400 डिग्रीला जेमतेम 14 मिलिव्होल्ट, साधा पेन्सिल सेल याच्या शंभरपट असतो.

हा प्रकार 1821 मध्ये झेबेक नावाच्या शास्त्रज्ञाला सापडला. दोन वेगळ्या धातूंचा लूप, एक जोड गरम, एक गार, आणि शेजारची होकायंत्राची सुई हलली. गडी समजला उष्णतेनं चुंबकत्व आलं, खरं तर लूपमधून करंट वाहत होता.

मग असे हजारो जोड लावून भट्टीच्या कडेनं का बसवत नाहीत? कारण धातूतून वीज चांगली जाते तशी उष्णतापण सुसाट जाते, गरम टोकाची उष्णता गार टोकाला पोचते आणि फरकच उरत नाही, आणि फरक संपला की वीजपण संपली. म्हणून बिस्मथ टेल्युराइडसारखे सेमीकंडक्टर वापरतात, त्यातून वीज जाते पण उष्णता अडखळत जाते. डिग्रीमागं व्होल्टेजही त्या प्लॅटिनमच्या तारेच्या वीसेक पट. पण अडीचशे डिग्रीच्या वर ते टिकत नाही, दुसरी बाजू सतत गार ठेवायला लागते, आणि एवढं करून शंभर वॉट उष्णतेतले पाचेक वॉट हातात येतात. 1977 ला सोडलेली व्हॉयेजर यानं याच तत्त्वावर अजून चालू आहेत (तिथं मटेरियल वेगळं, सिलिकॉन-जर्मेनियम), सुरुवातीला सुमारे 7000 वॉट उष्णतेतून 470 वॉट मिळायचे. अवकाशात वायरमन जाणार नाही म्हटल्यावर तेवढं परवडतं, फाउंड्रीच्या मालकाला नाही परवडत.

आता इंडक्शन फर्नेसचं (कॉइलमधून वीज सोडून तापवायची भट्टी) बघा. कॉइल गार ठेवणारं पाणी बरीच उष्णता घेऊन बाहेर पडतं, पण ते असतं साठेक डिग्री. बाहेर तीस धरले तर कितीही भारी मशीन आणा, निसर्गाच्या नियमानंच नऊ टक्क्यांच्या वर वीज निघत नाही, प्रत्यक्षात तर त्याहून बरीच कमी. रंकाळ्यात पाणी भरपूर आहे म्हणून तिथं टर्बाईन फिरत नाही, राधानगरीला फिरतं कारण तिथं पाण्याला उंची आहे, उष्णतेत ती उंची म्हणजे तापमानातला फरक.

त्यामुळं कुणी उष्णतेपासून वीज करायचं मॉड्यूल विकायला आला तर आधी एवढंच विचारायचं, तापमान किती आणि गार बाजू कशानं ठेवणार. माझं मत विचाराल तर उष्णता शक्यतो उष्णता म्हणूनच वापरावी, भंगार भट्टीत टाकायच्या आधी तापवायचं, क्युपोलात (कोकवर चालणाऱ्या उभ्या भट्टीत) गरम हवा सोडायची, यात वीज बनवायची भानगडच नाही. साखर कारखान्यांचं को-जनरेशन (वीज आणि उष्णता दोन्ही एकदम) जमतं ते उष्णता वाया न घालवता वापरल्यामुळंच, बगॅस (उसाचं चिपाड) जाळून जोरात तापलेली वाफ आधी टर्बाईनला आणि तिथून निघालेली वाफ रस आटवायला. गुऱ्हाळातपण चुलवाणातला गरम धूर सरळ धुराड्यात न सोडता दुसऱ्या काहिलीखालून फिरवला तर कच्चा रस आधीच तापतो आणि चिपाड कमी लागतं.