‘द्रावक कोणताही चालतो’ हा गैरसमज

सांगलीत एमएस्सीचा प्रोजेक्ट करणारी मुलं अजूनही म्हणतात, ‘रेणू विरघळला की झालं, द्रावक कोणताही चालतो.’ साफ चूक! इंडियम टिन ऑक्साइडचा (वीज वाहणाऱ्या पारदर्शक ऑक्साइडचा) लेप असलेल्या काचेवर फॉस्फॉनिक आम्लाचा, म्हणजे ऑक्साइडला घट्ट चिकटणाऱ्या रेणूंचा, थर बसताना द्रावकही जागेसाठी भांडतो. इथेनॉल ऑक्साइडशी हायड्रोजन बंध जोडून जागा अडवतं. थर विरळ राहतो. टोल्युइन (परावैद्युतांक, म्हणजे द्रावक किती ध्रुवीय आहे याचं ढोबळ माप, सुमारे 2.4; इथेनॉलचा 24) पृष्ठभागाला फारसं धरून राहत नाही, म्हणून रेणू दाट बसू शकतात. मात्र त्यात आम्ल नीट विरघळलं नाही, तर गुठळ्या काचेवर बसतात आणि पाण्याचा थेंब टपोरा दिसला की थर उत्तम झाला असं उगाच वाटतं. आधी काच इथेनॉलने खळखळून धुवा, मगच थेंबाचा कोन (थेंबाची कड काचेशी करते तो; थेंब जितका टपोरा तितका कोन मोठा) मोजा. घट्ट बांधलेले रेणू त्या धुण्याने सहसा निघत नाहीत.