परदेशी आरोग्य-भागीदारीसाठी प्रादेशिक नेटवर्क

एखाद्या भागातली हॉस्पिटलं, मेडिकल आणि नर्सिंग कॉलेजं, डॉक्टरांच्या संघटना, रोटरीसारखे क्लब, सामाजिक संस्था आणि परदेशात स्थायिक झालेले माजी विद्यार्थी असे सगळे मिळून दुसऱ्या देशातल्या हॉस्पिटलांशी वर्षानुवर्षं टिकेल असं नातं जोडतात, तिकडे माणसं पाठवतात, तिकडची माणसं इकडे शिकायला बोलावतात, आणि हे एकट्यादुकट्याच्या उत्साहावर न सोडता एकत्र सांभाळतात, त्या व्यवस्थेला प्रादेशिक नेटवर्क म्हणतात. भागीदारी असते दोन संस्थांची. नेटवर्क हे अशा बऱ्याच भागीदाऱ्यांच्या मागे उभं असतं, म्हणजे एक डॉक्टर बदलून गेला किंवा एका कॉलेजचे डीन बदलले तरी काम थांबत नाही. ही नोंद मुख्यतः नागपूर डोळ्यासमोर ठेवून लिहिली आहे.

एकटा डॉक्टर का पुरत नाही

विदर्भातल्या माणसाला हे समजावून सांगावं लागत नाही, कारण शिबिर काय असतं ते आपण लहानपणापासून पाहत आलोय. शाळेच्या हॉलमध्ये खाटा लागतात, मोठ्या शहरातून टीम येते, दोन-तीन दिवस धडाधड तपासण्या होतात, ऑपरेशनं होतात, सत्कार होतो आणि गाड्या परत जातात. मग चौथ्या दिवशी कोणाचा डोळा लाल झाला तर त्याने जायचं कुठे, ड्रेसिंग कोण बदलणार, टाके कोण काढणार? टीम मनापासून काम करून गेलेली असते, तिची चूक नसते. मागे कोणी उभं नसतं, एवढंच. आफ्रिकेतल्या एखाद्या जिल्हा हॉस्पिटलात दोन आठवड्यांसाठी गेलेल्या परदेशी सर्जनचंही नेमकं हेच होतं.

मशीनचंही तसंच. एका तालुक्याच्या दवाखान्यात मी स्वतः पाहिलंय, परदेशातून दान आलेला पेशंट मॉनिटर कोपऱ्यात चादरीखाली ठेवलेला, पिन सपाट, मागे 110 व्होल्ट लिहिलेलं, आणि आपल्या भिंतीतून येतात 230. ट्रान्सफॉर्मर लावून तो चालू करता आला असता, पण बोटाला लावायचा सेन्सर तुटलेला होता आणि त्या कंपनीचा सेन्सर इकडे मिळत नव्हता. सिस्टर रोज ती चादर झटकून परत घालत होत्या. पाठवणाऱ्याने आधी एक फोन करून "तुमच्याकडे प्लग कोणता आहे" एवढं विचारलं असतं तरी पुरलं असतं. नेटवर्क म्हणजे पहिल्यांदा तो फोन करणारा माणूस.

हे कुठून आलं

दवाखान्याने दवाखान्याशी नातं जोडायचं या कामाला शिस्त आणण्यात ब्रिटनचा वाटा मोठा आहे. 1988 मध्ये डॉ. एल्ड्रिड पॅरी यांनी ट्रॉपिकल हेल्थ अँड एज्युकेशन ट्रस्ट सुरू केली. तिचा आग्रह असा की काय हवं ते तिकडच्या हॉस्पिटलने सांगायचं, इकडच्यांनी ठरवायचं नाही. 2007 मध्ये लॉर्ड निजेल क्रिस्प यांचा अशा भागीदाऱ्यांवरचा अहवाल आला आणि 2011 पासून सरकारी योजनेतून अशा भागीदाऱ्यांना पैसा मिळू लागला.

पण प्रादेशिक म्हणावं असं काम पाहायचं तर वेल्सकडे बघावं. लोकसंख्या जेमतेम 30 लाख, आपल्या विदर्भाची 2011 च्या जनगणनेत 2 कोटींच्या वर होती. एवढ्याशा प्रदेशाने 1985 मध्येच लेसोथो या छोट्या आफ्रिकन देशाशी नातं जोडलं, 2006 मध्ये तिथल्या सरकारने आफ्रिकेसाठी स्वतंत्र कार्यक्रम सुरू केला, आणि वेगवेगळ्या हॉस्पिटलांचे जे सुटे धागे होते ते एका नेटवर्कमध्ये आले. पुढे तिथे आरोग्य संस्थांसाठी एक सनदही तयार झाली. तिचा मुद्दा असा की परदेशातलं काम हा कोणा डॉक्टरचा सुट्टीतला छंद नाही, ती संस्थेची जबाबदारी आहे. माझ्या मते या सगळ्या विषयातलं हेच सगळ्यात मोलाचं वाक्य.

जुनं नातं वेळेला कसं कामी येतं ते सिएरा लिओनमध्ये दिसलं. लंडनच्या किंग्ज कॉलेजची टीम 2013 पासून फ्रीटाऊनच्या कॉनॉट हॉस्पिटलमध्ये होती. 2014 मध्ये इबोला आला, बरेच परदेशी लोक देश सोडून जात होते, ही टीम राहिली आणि स्थानिक स्टाफबरोबर आयसोलेशन वॉर्ड उभे केले. एकमेकांची नावं, स्वभाव, हॉस्पिटलचा कानाकोपरा आधीच माहीत होता म्हणून ते जमलं.

नागपूरची जागा

नागपूरकडे देण्याचा अनुभव आहे आणि घेण्याचाही, हे फार कमी शहरांच्या वाट्याला येतं. मेडिकल, म्हणजे सरकारी मेडिकल कॉलेज, 1947 पासून आहे, मेयो हॉस्पिटल त्याच्याही आधीचं, आता मिहानमध्ये एम्स आहे. छिंदवाडा, सिवनी, बालाघाट, बैतूल, राजनांदगाव, इकडून गोंदिया, भंडारा, चंद्रपूर, गडचिरोली, सगळीकडचा पेशंट शेवटी "नागपूरला न्या" म्हणून इथेच येतो, मेडिकलच्या आवारात रात्री झोपलेल्या नातेवाईकांच्या बोलीवरूनच कोणता जिल्हा ते कळतं. म्हणजे रेफर करणारे आणि रेफर घेणारे यांचं एक जाळं इथे आहेच, फक्त त्याला कोणी नेटवर्क म्हणत नाही.

परदेशी जाऊन सेवा करण्याची गोष्टही इथे नवी नाही. 1938 मध्ये जपानच्या हल्ल्याखाली असलेल्या चीनला काँग्रेसने जे पाच डॉक्टर पाठवले त्यात सोलापूरचे द्वारकानाथ कोटणीस सगळ्यांना ठाऊक आहेत, पण त्याच पथकात नागपूरचे डॉ. चोळकरही होते, हे नागपुरातल्याच किती जणांना माहीत असेल! सुभाषबाबू तेव्हा काँग्रेसचे अध्यक्ष होते, लोकांनी वर्गणी काढून पथकाला पैसे आणि ॲम्ब्युलन्स दिली. म्हणजे पाठवणारा समाज मागे उभा होता.

घेण्याच्या बाजूने पाहिलं तर आनंदवन, 1973 पासूनचं हेमलकसा आणि सेवाग्रामचं मेडिकल कॉलेज इथे बाहेरून शिकायला, काम करायला येणाऱ्यांची रीत जुनी आहे. गडचिरोलीच्या 'सर्च' या संस्थेतून तर ज्ञान इथून बाहेर गेलं. डॉ. अभय आणि डॉ. राणी बंग यांनी गावातल्याच बायकांना आरोग्यदूत म्हणून तयार केलं, त्यांनी घरी जाऊन नवजात बाळं सांभाळली, त्याचे निष्कर्ष 1999 मध्ये लॅन्सेट या वैद्यकीय नियतकालिकात आले आणि 2009 मध्ये जागतिक आरोग्य संघटना आणि युनिसेफनेही बाळंतिणीच्या घरी भेटी द्या असं सांगितलं. भागीदारीत कोण गुरू आणि कोण शिष्य हे आधीच ठरवू नये ते यासाठीच.

सिकलसेल, आणि फुरसं

नागपूरने बाहेर नातं जोडायचं तर सुरुवात कुठून करावी, याचं माझ्यापुरतं उत्तर सिकलसेल आहे, म्हणजे आई-वडिलांकडून येणारा, रक्तातल्या तांबड्या पेशी कोयत्यासारख्या वाकवणारा आजार. विदर्भातल्या आदिवासी आणि अनुसूचित जातीच्या कितीतरी घरांत हा आजार आहे, आणि नायजेरिया, घाना, युगांडा, टांझानियातही तोच. घानातल्या कुमासीमध्ये 1995 पासून नवजात बाळांची तपासणी सुरू आहे, आपल्याकडे राष्ट्रीय मिशन सुरू झालं 2023 मध्ये. आपल्याकडे शाळेत, आश्रमशाळेत जाऊन सॉल्युबिलिटी टेस्ट, म्हणजे रक्ताची प्राथमिक चाचणी, करायची, पॉझिटिव्ह आला की पक्कं निदान करून कार्ड द्यायचं, हायड्रॉक्सीयुरिया हे औषध चालू ठेवायचं, लग्नाआधी दोन्ही घरांशी बोलायचं, हे सगळं कसं करतात हे इथल्या समुपदेशकांना पाठ आहे. ते ऐकायला तिकडच्या नर्सेस आल्या पाहिजेत, आणि जन्मतःच तपासणी कशी बसवली ते बघायला इथल्यांनी कुमासीला गेलं पाहिजे.

पण जपूनही राहावं लागतं. सर्पदंश हाही दोघांचा आजार, म्हणून आपली लस, म्हणजे दंशानंतर द्यायचं विषावरचं इंजेक्शन, तिकडे नेली की झालं असं वाटतं. आपल्या सर्पदंशाच्या लशी नाग, मण्यार, घोणस आणि फुरसं या चौघांच्या विषावर बनतात. पश्चिम आफ्रिकेतही फुरशाचाच भाऊबंद आहे, दिसतोही तसाच, पण विष वेगळं. भारतीय विषावर बनलेल्या लशी तिकडे वापरल्या गेल्या तेव्हा घाना आणि चाडमध्ये मृत्यू वाढले. तिकडच्या डॉक्टरला आधी विचारायचं असतं ते यासाठी.

काम प्रत्यक्षात कसं चालतं

रोजचं काम बरंचसं कागदाचं आहे. सरकारी डॉक्टरला रजा आणि एनओसी लागते, त्याची ड्युटी मागे कोण करणार ते ठरवावं लागतं, आणि नेटवर्क असेल तर दुसऱ्या हॉस्पिटलमधून कोणी येऊन ती ड्युटी धरू शकतो. तिकडच्या मेडिकल कौन्सिलचं तात्पुरतं रजिस्ट्रेशन लागतं, इथलं लायसन्स तिथे चालत नाही. आफ्रिकेतल्या बऱ्याच देशांसाठी पिवळ्या तापाची लस निदान 10 दिवस आधी घ्यावी लागते, नाहीतर परत येताना आपल्याच विमानतळावर 6 दिवसांपर्यंत क्वारंटाईन.

कोण जातं हा त्याहून मोठा प्रश्न. सगळे सर्जनच पाठवतात, आणि मला हे चुकीचं वाटतं. ऑटोक्लेव्ह, म्हणजे वाफेने हत्यारं निर्जंतुक करणारं यंत्र, कसा चालवायचा, रक्ताची पिशवी कशी नोंदवायची, बंद पडलेला ऑक्सिजन कॉन्सन्ट्रेटर कसा उघडायचा हे शिकवणारी सिस्टर, ब्लड बँकेतला टेक्निशियन आणि बायोमेडिकल इंजिनिअर गेले तर त्यांचं काम ते परतल्यावरही तिथे चालू राहतं. जाणं जमत नसेल तर ऑनलाइनही होतं. 2003 मध्ये डॉ. संजीव अरोरा यांनी न्यू मेक्सिकोत हिपॅटायटिस सी साठी सुरू केलेल्या इको पद्धतीत तज्ञ आणि दूरचे डॉक्टर ठरलेल्या वेळी बसून खऱ्या केसेसवर बोलतात, नागपूर ते भामरागड असो की नागपूर ते युगांडातलं कंपाला, पद्धत तीच.

एक काळजी कायम राहते, की भागीदारीच्या नावाखाली तिकडची शिकलेली माणसं उचलून आणली जाऊ नयेत. आपल्या नर्सेस आखातात आणि ब्रिटनला जातात तेव्हा इथले वॉर्ड कसे रिकामे पडतात ते आपण भोगून राहिलोय. जागतिक आरोग्य संघटनेची 2010 ची आचारसंहिता याचसाठी आहे, पण ती ऐच्छिक आहे, म्हणून चांगली नेटवर्कं करारातच लिहून घेतात की शिकायला आलेली व्यक्ती ठरलेल्या तारखेला परत आपल्या हॉस्पिटलात रुजू होईल आणि पुढच्या वर्षी तिच्याच वॉर्डातली दुसरी येईल.